डोळे आले

हनुवटी इथे ठेवा, मिस्टर हेस्लॉप.
कपाळ पट्टीला टेकू द्या. आता बोलू नका.
तो बोलतोच.
'ऑल राइट, पेट,' म्हणतो.
संडरलँडमध्ये लाडानं सगळ्यांनाच असं म्हणतात,
बसवाला, पाववाली, वॉर्डातल्या नर्सा.
पहिल्या हिवाळ्यात मी दचकायचे,
आमच्याकडे हा शब्द चुलीला उद्देशून असतो.
आणि हा तर उभा जन्म वेल्डर.

बधिर करणारा थेंब. जेलचा ठिपका.
भिंग बुबुळाला टेकतं.
बाहेर वेअर नदीवर समुद्रातलं धुकं चढतंय,
इथे पडद्यावरचं विरळतंय
दहा मायक्रॉन, तीस,
पन्नास.

मज्जातंतू, पांढरे, एकाच दिशेनं विंचरलेले.
आणि त्यांच्या अधेमधे त्या
झगझगीत, हातवाल्या पेशी.
जुनी पुस्तकं सांगायची, मधोमध इथे कुणी नसतं;
काच ती काच, तिला पहारा कशाला?
मी रोज मोजते त्यांना.
हात आखडलेले, म्हणजे निवांत.
हात पसरलेले, म्हणजे काहीतरी कानावर आलंय.
शेजारणीशी हात गुंफलेले दिसले
की मी फोन उचलते, डॉक्टर विंटरबर्नना खाली बोलावते.

आसवांवर पापणीतलं तेल पसरलेलं असतं,
सायीहून कितीतरी पातळ.
म्हणजे डोळ्यात तेल घालून राखण
ही इथे म्हण नाही, ड्यूटी आहे.
फक्त एक अट, जी कुठल्या रखवालदाराला कुणी घालत नाही:
चोर दिसला तरी आरडाओरडा नको.
इथे भांडण झालं तर वण उरतो
आणि वणातून दिसत नाही.
म्हणून त्या शिकल्यात
डोळ्यातच राहून
डोळेझाक करायला.

याच्या उजव्या डोळ्यात दुसऱ्या कुणाची काच आहे.
सत्याहत्तर साली ठिणगी उडाली, तेव्हा हा एकोणीसचा,
जहाजाच्या पोटात उताणा पडून सांधे जोडत होता.
जहाज गेलं. गोदी गेली. वण राहिला.
काच फार उशिरा मिळाली, नऊ वर्षांपूर्वी.
'कोण होती ती, कळतं का यात?'
तो 'ती' म्हणतो. का, कुणास ठाऊक.
कळत नाही.
टाक्यांच्या रेषेपलीकडे तंतू तुरळक,
चाचपडत आत शिरलेले.
आणि रेषेवर याच्या पेशी. तेरा.
गेल्या महिन्यात सहा होत्या.
पुन्हा मोजते.
तेरा.

'लाल झालाय ना? तुझ्या भाषेत काय म्हणतात याला?'
हे ते नव्हे, तरी सांगून टाकते,
लाल डोळ्यांना आम्ही म्हणतो, डोळे आले.
तो हसतो, चित्र हलतं.
'आले? कुठून आले?'

मलकापूरला आमची अख्खी आळी एका आठवड्यात
डोळे आलेली होती. आईचा मोठा काळा गॉगल
नाकावरून घसरायचा,
शाळेत कुणी शेजारी बसू देत नव्हतं.
पण हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही,
नंतर परीक्षा दिल्या तेव्हाही नाही.

कुठून आले.
काठावरून, मिस्टर हेस्लॉप. काठावर रक्ताच्या बारीक वाटा संपतात.
त्याआधी रक्तातून. त्याआधी
हाडांच्या आतल्या अंधारातून,
जिथे कुणी कधी उजेड पाहिलेला नसतो.
तिथून निघतात आणि थेट
शरीराच्या एकुलत्या एक खिडकीशी येऊन उभ्या राहतात.
परकं काही दिसलं तर नऊ वर्षांनीही
त्यांना वाटतं, विचारावं.

एवढं मला इंग्रजीत जमत नाही.
'फ्रॉम इनसाइड,' म्हणते.
'तसंच असतं,' तो म्हणतो.

डॉक्टर जिन्यावर आहेत. तासातासाला थेंब लागतील,
रात्रीसुद्धा. याच्या घरी गजर लावायला कुणी नाही,
मी कागदावर वेळा मोठ्या अक्षरांत लिहिते.
मग शेवटची एक फ्रेम.
पडद्यावरच्या तेराजणींना हळू आवाजात
माझ्या भाषेत सांगते,
पेटू नका.
त्याला वाटतं, मी मोजतेय.